दोन पट्टे कमी

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी
यांचे पाय आज पुन्हा फरशीला चिकटले.
दुसरी शिट्टी व्हायच्या आत मी गॅस बंद केला.
ओढायचं नाही, घाई करायची नाही,
"चला ना" तर अजिबात म्हणायचं नाही.
फिजिओथेरपीच्या पोरीनं बजावलंय,
ओढलं की पाय आणखी रुततात.

आधी काठी आणली, खाली चार पाय असलेली.
"आता सहा पाय झाले," हे म्हणाले,
"आणि एकही ऐकत नाही."
मग चाकांचा वॉकर.
तो पुढं पळाला, हे मागं, हात ताणून,
वासरू उधळल्यावर दावं न सोडणाऱ्या माणसासारखे.
मग तुषारनं पुण्याहून लेझरची काठी पाठवली.
टेकली की पुढ्यात तांबडी रेघ उमटते,
ती ओलांडायची. बस, एवढंच.
रात्री मोरीकडं जाताना झकास.
दुपारी सिडकोच्या आमच्या गल्लीत
ऊन ती रेघ पिऊन टाकतं.

पोरगी म्हणाली, रेघ कसलीही चालेल, आडवी हवी.
मी पवननगरच्या बाजारातून पिवळी चिकटपट्टी आणली,
गुडघे टेकून चिकटवत गेले
पलंगापासून मोरीपर्यंत.
हे खुर्चीतून बघत होते.
आवाज हल्ली पातळ झालाय, पतंगाच्या कागदासारखा,
तरी ऐकू आलं:
"हाई पट्टी वाकडी शे."
आणि थोड्या वेळानं,
"दोरी घे. दोरीला नीळ लाव."

एकोणतीस वर्षं या माणसानं
नाशिकच्या रस्त्यांवर पांढरे पट्टे ओढले.
रात्री अकरानंतर, रहदारी आटली की.
कुंभाच्या वर्षी तर महिनाभर घरी फक्त अंघोळीला.
भुवया रंगानं पांढऱ्या,
तुषार लहान असताना दारातून ओरडायचा,
आजोबा आले!
आता भुवया खरंच पांढऱ्या आहेत.

मी कधी विचारलं नव्हतं
दोन पट्ट्यांमध्ये किती जागा सोडतात.
त्या दिवशी विचारलं.
मांडीवरचा हात गोळी वळत होता,
नसलेली गोळी, दिवसभर वळतो.
"रस्त्याचं माप घरात नको.
तुझी दोन पावलं सोड."
मी टाचेला टाच लावत मोजत गेले.

सोमवारी रिक्षावाल्यानं मेहेर सिग्नलला
पलीकडच्या बाजूला उतरवलं.
मला धडकी भरली. सिग्नल सुटला
आणि हे निघाले, पट्ट्यापट्ट्यावरून,
खाड खाड, तरण्यासारखे,
मी मागून पिशवी सावरत, धापा टाकत.
शेवटी पाइपलाइनसाठी खणून बुजवलेलं डांबर,
काळं, सपाट, चार हात.
तिथं थांबले.
दिवा बदलला. हॉर्न सुरू झाले,
एका बसवाल्यानं खिडकीतून मान काढली.
लेझरची रेघ उन्हात दिसेना.
हे खाली बघत, कुणाला तरी हजेरी विचारावी तसे म्हणाले,
"इथं दोन पट्टे कमी आहेत."

मी चप्पल काढली,
त्यांच्या बुटापुढं माझं पाऊल आडवं टाकलं.
त्यांनी पाहिलं.
ओलांडलं.
मी दुसरं टाकलं, तेही ओलांडलं.
तिसऱ्यांदा बूट माझ्या अंगठ्यावर पडला,
तोपर्यंत फूटपाथ आला होता.
डांबर तापलेलं होतं, ते मला घरी आल्यावर कळलं.

रात्री मला अर्ज लिहायला बसवलं.
मेहेर चौक, खणलेली बाजू, दोन पट्टे,
रंग थर्मोप्लास्टिक, साधा नको.
अर्जदार निंबा खैरनार.
सही मात्र स्वतः केली,
पहिलं अक्षर बोराएवढं, मग मोहरीएवढं,
आडनाव मुंग्यांनी ओढून नेल्यासारखं.

अर्जाला उत्तर नाही अजून.
उंबऱ्याजवळची पिवळी पट्टी
लादी पुसून पुसून उखडलीय,
म्हणून हे तिकडं उभे आणि मी इकडं,
कणकेचे हात वर धरून,
पाऊल आडवं टाकून.
कुकरमध्ये डाळ अर्धवट आहे.
शिजेल.